काठीवरच्या खुणा: पावसातल्या पहिल्या कॅम्पिंगचं एक प्रकरण

या प्रकरणात कोणाला इजा झाली नाही आणि गाडीही वाहून गेली नाही. तरीही ते तपशिलात लिहून ठेवतोय. शनिवारी दुपारी चार ते रविवारी दुपारी दोन या बावीस तासांत आम्ही पाच मोठे निर्णय घेतले. पहिले दोन चुकले, पुढचे तीन बरोबर आले. पहिले दोन नजरेच्या अंदाजावर घेतले होते, पुढचे तीन एका काठीवरच्या खुणा बघून. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

माणसं, गाड्या आणि बेत

दादा, वहिनी आणि मी, तिघांचीही ही पहिलीच कॅम्पिंग. दादाने गाडी घेऊन चार महिने झाले होते. फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, लिव्हर त्याने तोवर एकदाच, मोकळ्या मैदानात टाकून पाहिला होता. दुसऱ्या गाडीत मामा. मामा कित्येक वर्षं असल्या वाटा तुडवतोय, पण बहुतेक कोरड्या दिवसांत. ही गोष्ट निघण्याआधी कोणी बोलून दाखवली नाही, त्याने नाही आणि आम्हीही नाही. आमच्या लेखी मामा अनुभवी, विषय संपला.

हवामानाचा अंदाज स्पष्ट होता: शनिवारी संध्याकाळपासून पाऊस, रात्री जोर. बेत असा की सकाळी सातला निघायचं, एकपर्यंत मुक्कामाला पोचायचं आणि पाऊस यायच्या आत तंबू उभे करायचे. प्रत्यक्षात सामान बांधण्यातच वेळ गेला आणि आम्ही नऊ चाळीसला निघालो. उशीर कोणाचाही होतो. पण अमुक वाजेपर्यंत ओढ्यावर पोचलो नाही तर अलीकडेच मुक्काम करायचा, असं आधी ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे झालेला सगळा उशीर आम्ही बरोबर घेऊन ओढ्यावर पोचलो.

एक गोष्ट मात्र मामाने चोख केली होती. पुढे फोनला रेंज नाही हे त्याला माहीत होतं. वाट, मुक्कामाची जागा आणि दोन्ही गाड्यांचे नंबर त्याने आईकडे लिहून दिले आणि सांगितलं, "रविवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तरच शोधाशोध करायची." आम्ही परतणार होतो दुपारी तीनला. ही सहा तासांची सूट दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडली.

ओढा, शनिवार चार दहा

ओढा आठेक मीटर रुंद, तळ गोट्यांचा, पाणी नितळ. मामा काठी टेकत चालत जाऊन आला. सगळ्यात खोल जागी ३५ सेंटिमीटर, म्हणजे त्याच्या गुडघ्याच्या जरा खाली. दादाच्या गाडीच्या पुस्तिकेत पाण्याची मर्यादा ५०० मिलिमीटर दिलेली. दादाने फोर लो (चारही चाकांना संथ पण जास्त जोर) टाकला, दुसरा गिअर, आणि गाडी माणसाच्या चालीने पाण्यातून नेली. मधे गिअर बदलला नाही, ॲक्सिलरेटर सोडला नाही. पलीकडे पोचल्यावर तो इतका खूष होता की खाली उतरून त्याने मामाला मिठी मारली.

गाडी चालवण्यात काहीच चूक नव्हती. चूक वेळेची होती. आभाळ भरून आलेलं, अंदाज डोक्यात पक्का, परतीची वाट हीच एक, आणि दिवस संपत आलेला. अशा वेळी ओढा आत्ता ओलांडता येतो का हा अर्धाच प्रश्न असतो. रात्रभर पाऊस झाला तर उद्या तो ओलांडता येईल का, हा उरलेला अर्धा. तो आमच्यापैकी कोणीही विचारला नाही.

घाईने आणखी एक नुकसान केलं, ते आठवड्याने कळलं. साडेसहा तास चालून गाडीचे ॲक्सल, म्हणजे चाकं फिरवणारे आस, चांगलेच तापले होते. गरम ॲक्सल थेट थंड पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरच्या, म्हणजे आतल्या हवेला वाट देणाऱ्या, नळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वीसेक मिनिटं थांबून गाडी निवू दिली असती तर बरं झालं असतं. पण त्या क्षणी वीस मिनिटं आम्हाला परवडत नव्हती.

पलीकडे गेल्यावर मामाने चालायला वापरलेली तीच काठी घेतली आणि तिच्यावर दर १० सेंटिमीटरला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. मोठ्या खडकाच्या आडोशाला, जिथे थेट धार लागत नाही अशा जागी, दोन दगडांच्या फटीत ती पाचरीसारखी घट्ट ठोकली. पाण्याची पातळी जिथे होती तिथे शून्य. "आता हिच्याशिवाय कोणाचं ऐकायचं नाही," असं तो म्हणाला. मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं.

मुक्कामाची जागा

ओढा ओलांडायच्या जागेपासून तीनशे मीटर खाली, वळणावर एक सुरेख सपाट हिरवळ होती. पाण्यापासून पंधरा पावलं, पातळीपासून जेमतेम ८० सेंटिमीटर उंच. खुंट्या लोण्यात घुसाव्यात तशा घुसल्या. मागे दहा मिनिटांच्या चढावर खडकाळ, तिरकी, उघडी जागा होती. तिच्याकडे आम्ही पाहिलंही नाही.

वहिनी झुडपांपाशी थांबली होती. ती म्हणाली, "मामा, हे बघा ना. या सगळ्या बुंध्यांना वाळलेलं गवत आणि काटक्या गुंडाळल्यात. सगळ्या एकाच बाजूला. कोणी बांधल्यासारखं." मी जवळ जाऊन पाहिलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर प्रत्येक झुडपाच्या वरच्या अंगाला, म्हणजे ओढा जिकडून येतो त्या बाजूला, काड्यांचा गुंता अडकला होता आणि त्यात सुकलेला बारीक गाळ होता. मामा म्हणाला, "वाऱ्याने आलेला कचरा असेल."

तो वाऱ्याचा नव्हता. आधीच्या पुराने तिथे स्वतःची उंची लिहून ठेवली होती. पाण्याकाठची जमीन इतकी सपाट आणि मऊ असते ती पाण्यानेच गाळ पसरून तशी केलेली असते. चौघांत सगळ्यात नवख्या माणसाने सगळ्यात महत्त्वाची खूण टिपली आणि अनुभवी माणसाच्या एका वाक्यात ती विरून गेली. मामाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. कोरड्या दिवसांत त्याला तो कचरा वाचायची वेळच आली नसेल. पण वहिनीने पुन्हा विचारलं नाही आणि आम्ही दोघा भावांनीही तिची बाजू धरली नाही, याची मला आजही रुखरुख आहे.

रात्र

आठ चाळीसला मामा टॉर्च घेऊन काठीकडे गेला. आमच्याकडे अजून नुसती भुरभुर होती, म्हणून मीही निवांत त्याच्या मागे गेलो. काठीवरच्या दोन पट्ट्या बुडाल्या होत्या, तिसरीपर्यंत पाणी पोचायचं होतं. टॉर्चच्या उजेडात पाणी चहाच्या रंगाचं दिसत होतं आणि त्यावरून हिरवी, ताजी तुटलेली पानं वाहत होती. चार तासांत २० सेंटिमीटर, तेही इथे पाऊस नसताना. म्हणजे वर डोंगरात तो कधीचा पडत होता.

मामा दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सगळं उचलायचं. आत्ता."

पुढचा दीड तास फार वाईट गेला. गुंडाळायला निघालो आणि पाऊस कोसळायला लागला. तंबू ओलेच कोंबले, एक स्लीपिंग बॅग चिखलात पडली. गाड्या वर चढवताना दादाला चाकाखालचं काही दिसत नव्हतं. वहिनी टॉर्च धरून पुढे चालत होती. सव्वादहाला आम्ही वरच्या खडकाळ जागेवर पोचलो. तिथे खुंटी ठोकायला मातीच नव्हती. तेवढ्यात वीज चमकली. मामाने मोजायला सुरुवात केली, बाराव्या सेकंदाला गडगडाट. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चारेक किलोमीटरवर. तंबूचा विषय तिथेच सोडून चौघंही गाड्यांत बसलो. गाडीत आपण सुरक्षित असतो ते टायरच्या रबरामुळे, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं काम धातूचं कवच करतं. वीज पडलीच तर प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत जातो. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत कोणी दार उघडायचं नाही, असं ठरलं.

खरा धोका त्यानंतर गाडीच्या आत दिसला. दादाच्या अंगावर सुती शर्ट आणि जीन्स, दोन्ही चिंब. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं आणि सुती कापड ते पाणी अंगाला चिकटवून ठेवतं. तो थरथरत होता, पण त्यात विशेष काही नाही असं मला वाटलं. वहिनीच्या मात्र लक्षात आलं की त्याला जॅकेटची चेन उघडता येत नव्हती. बोटं चेनवर जायची आणि घसरायची. तो काय बोलतोय तेही जड, अर्धवट येत होतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली जायला लागलं की अशीच लक्षणं दिसतात: हात ऐकत नाहीत, जीभ अडखळते आणि त्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. थरथर थांबली तर ते बरं झाल्याचं लक्षण समजू नये. थंडी वाढत असताना थरथर थांबणं हा त्याहून गंभीर टप्पा असतो. आम्ही त्याचे सगळे ओले कपडे काढले, अंग कोरडं केलं, माझे कोरडे कपडे घातले, डोक्याला टोपी घातली, उरलेल्या दोन स्लीपिंग बॅगा एकावर एक पांघरल्या आणि काहीतरी गोड खायला लावलं. तासाभराने तो नीट बोलू लागला. माझे कपडे कोरडे होते ते एवढ्याचसाठी की मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते. त्यामागे काही विचार नव्हता, दुसरी बॅग मिळाली नव्हती म्हणून.

दादाला रात्रभर इंजिन आणि हीटर चालू ठेवायचा होता. मामाने खाली उतरून गाडीच्या मागे पाहिलं. गाडी उताराला मागे टेकलेली, सायलेन्सरचं तोंड ओल्या मातीपासून चार बोटांवर. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साचून आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोकं जड होऊन झोप येते आणि दमलेल्या माणसाला ती झोप साधीच वाटते. गाडी दोन मीटर पुढे घेतली, तोंड मोकळं आहे याची खात्री केली, वाऱ्याच्या उलट बाजूची काच थोडी खाली केली आणि सगळे जागे असताना पंधरा मिनिटं इंजिन चालवलं. झोपायच्या आधी बंद.

अडीचच्या सुमाराला पाऊस थोडा उघडला तेव्हा मामाने वरूनच टॉर्च मारला. आमची संध्याकाळची हिरवळ पाण्याखाली होती. त्याच झुडपांचे बुंधे पाण्यात हलत होते. वहिनीने ते पाहिलं आणि काही न बोलता काच वर घेतली.

रविवार: थांबण्याचे तास

सकाळी सहाला पाऊस थांबला होता. काठी जागेवर होती, थोडी थरथरत. पाणी शून्याच्या वर ६० सेंटिमीटर, म्हणजे ओलांडायच्या जागी खोली ९५. तपकिरी, फेसाळ, आणि आतून गोटे एकमेकांवर आपटल्याचा ठक् ठक् आवाज.

दादाला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. आठ वाजता तो म्हणाला, "बघ, बरंच उतरलंय." मलाही तसंच वाटत होतं. काठी मात्र ६० वरच होती. दोन तास एकाच पाण्याकडे बघून डोळा सरावतो आणि भीती कमी झाली की पाणीही कमी झाल्यासारखं दिसतं. दहा वाजता पुन्हा तेच झालं. तेव्हा ते ५० वर आलं होतं, पण आम्हा दोघांना ते निम्म्यावर आल्यासारखं वाटत होतं.

दादाचा मुद्दा होता तो गाडीच्या वजनाचा: पावणेदोन टनांची गाडी, तिला काय होतंय. मामाने त्याला मातीत काटकीने हिशेब करून दाखवला. गाडीचा तळ साधारण ४ मीटर बाय १.७ मीटर. पाणी तळाच्या वर ३० सेंटिमीटर चढलं तर सुमारे २ घनमीटर पाणी बाजूला सारलं जातं, आणि ते गाडीला सुमारे दोन टनांनी वर उचलतं. आत पाणी शिरेपर्यंत गाडी जवळजवळ तरंगते, टायर तळाला नुसते टेकलेले असतात. त्यात पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की ढकलणं चौपट. वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी ते बऱ्याच छोट्या गाड्या सरकवू शकतं, ६० सेंटिमीटर असलं तर बहुतेक सगळ्या, एसयूव्हीसुद्धा. पुस्तिकेतले ५०० मिलिमीटर पाणी इंजिनात शिरू नये यासाठी दिलेले असतात. वाहत्या पाण्याच्या रेट्याचा त्यात विचार नसतो.

दादा त्या हिशेबाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग किती झाल्यावर जायचं, ते आत्ता सांग." मला वाटतं, हा त्या दोन दिवसांतला सगळ्यात चांगला प्रश्न होता. मामाने उत्तर दिलं: काठीवर शून्याच्या वर ५ किंवा कमी, अर्ध्या तासाच्या अंतराने दोन वेळा, आणि दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा कमी. शिवाय चालत जाऊन तळ तपासता आला पाहिजे. पायी ओलांडता येत नाही ते पाणी गाडीने ओलांडायचं नाही. आकडा ठरल्यावर वाद संपला. चिडचिड राहिली, पण ती काठीवर निघत होती, एकमेकांवर नाही. आईला दिलेली रात्री नऊची वेळही होती, त्यामुळे घरी कोणी घाबरलं असेल ही धास्ती नव्हती.

थांबलेल्या वेळात आम्ही टायरची हवा ३३ वरून २० पीएसआयवर आणली. कमी हवेत टायर लांबट पसरतो, जास्त दात जमिनीला लागतात. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नये, वळणात टायर रिमवरून निसटू शकतो. हे शनिवारी कच्ची वाट लागली तेव्हाच करायला हवं होतं.

परत

साडेबाराला काठीवर ५, एकला ३. मामा चालत गेला. खोली ३८, धार कालच्याइतकी, पण पलीकडचा चढ बदलला होता. पुराने काठ कापून हातभर उंच पायरी केली होती. फावड्याने अर्धा तास खणून त्याने तिचा उतार केला. आधी मामाची गाडी गेली. दादाच्या गाडीच्या पुढच्या हुकाला रिकव्हरी स्ट्रॅप, म्हणजे फसलेली गाडी ओढायचा पट्टा, आधीच अडकवून बॉनेटवर गुंडाळून ठेवला होता, फसलो तर पाण्यात उतरून हुक शोधावा लागू नये म्हणून.

आणि गाडी चढावर फसलीच. पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक हलकं झालं आणि तीच दोन चाकं गरगरायला लागली, बाकीची दोन गप्प. उघडं, म्हणजे लॉक नसलेलं, डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटून देणारी यंत्रणा) असंच वागतं, ज्या चाकाला पकड नाही ते फिरत राहतं आणि पकड असलेल्याला जोर मिळत नाही. मामाच्या गाडीला मागे डिफ लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी सोय, होता, म्हणून ती निघाली. दादाने ॲक्सिलरेटर दाबला नाही, लगेच थांबला. मागची चाकं पाण्यात होती, दाबला असता तर खाली खणत गेली असती.

मी बॉनेटवरून स्ट्रॅपचं टोक घेतलं आणि मामाच्या गाडीमागच्या टोइंगच्या गोळ्यावर सरळ अडकवलं. आकार इतका सोयीचा की हात आपोआप तिकडे गेला. मामा ओरडला, तसा तो माझ्यावर आजवर कधी ओरडला नव्हता. हा गोळा ट्रेलर ओढायला असतो, झटका सोसायला नाही. ताणलेल्या स्ट्रॅपमध्ये प्रचंड जोर साठतो. गोळा तुटला तर तो काच फोडून माणसापर्यंत जातो. मामाने गोळ्याचा दांडा काढला, स्ट्रॅपचा फासा मोकळ्या चौकोनी नळीत सरकवला आणि आडवी पिन घातली. वर मधोमध ओली ताडपत्री टाकली. मला आणि वहिनीला स्ट्रॅपच्या दीडपट लांबीवर, बाजूला उभं केलं. दुसऱ्या ओढीत गाडी वर आली. दोन वाजायला पाच मिनिटं होती.

तिथून पुढे चिखल होता, पण सांगण्यासारखं काही झालं नाही. डांबरी रस्ता लागल्यावर ओले ब्रेक हलके दाबत सुकवले, कंप्रेसरने हवा भरली, फोर बाय फोर काढलं. आईला साडेपाचला फोन लागला.

नंतर

आठवड्याने मेकॅनिकने दादाच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचं तेल काढलं. ते काळसर निघायला हवं होतं. निघालं ते दुधाळ, ढवळल्यासारखं, म्हणजे ओढ्याचं पाणी आत गेलं होतं. बेअरिंग वाचले, कारण आम्ही ते लगेच उघडायला लावलं.

दादाचं अजूनही म्हणणं आहे की अकरा वाजता, ४५ वर, आपण सुटलो असतो. मला ते पटत नाही. पलीकडची कापलेली पायरी आम्हाला एकला दिसली. अकराला ती गढूळ पाण्याखाली होती आणि गाडी जिथे फसली तिथेच फसली असती, फक्त धारेत. त्याचं एक मात्र मला मान्य आहे. आकडा सकाळी सहालाच ठरवला असता तर चार तासांचं भांडण वाचलं असतं, आणि शनिवारी सकाळी घरीच ठरवला असता तर कदाचित आम्ही ओढ्याच्या अलीकडेच राहिलो असतो.

त्यानंतर आम्ही दोनदा गेलो. दोन्ही वेळा गाड्या थांबल्यावर तंबू लगेच बाहेर निघाले नाहीत. वहिनी आधी एकटी जागेभोवती फेरी मारते, झुडपांचे बुंधे वाकून बघते, आणि ती "चालेल" म्हणेपर्यंत मामा गाडीचं मागचं दार उघडत नाही.